लिहून देणार

टायपिस्टनं विचारलं, नाव?
म्हटलं, माझं का धंद्याचं?
तो हसला नाही. कसबा बावड्यात कोर्टासमोर
छत्रीखाली बसणारी माणसं फुकट हसत नाहीत.

शैला दगडू सुतार, वय एकेचाळीस, व्यवसाय...
इथं त्याची बोटं थांबली.
शिरोलीच्या फौंड्रीत सतरा वर्षं कोअर करतो, म्हटलं.
करते, त्यानं टाइप केलं.
करतो, मी म्हटलं.
आमच्याकडं बायका अशाच बोलतात : येतो, जातो, जेवलो.
आई तर मरताना म्हणाली, चाललो गं.
कागदावर चालत नाही, तो म्हणाला.
मग घाला करते. कागदाला कुठं कोल्हापुरी येतंय.

रेहाना मुजावर, भागीदार क्रमांक दोन,
पिशवीतनं एकेक काढत होती :
दोघींची आधार, पॅन, चार-चार फोटो,
शेडमालकाचं संमतीपत्र, शेडचं लाइटबिल,
बिलावर त्याच्या मेलेल्या बापाचं नाव,
म्हणून वारसाचा दाखला,
म्हणून तीन आठवडे.

नावालाच महिना गेलेला. देवीची सगळी नावं
आधीच कुणाकुणाच्या पाटीवर.
शेवटी, दोघी कोअर वर्क्स.
सीए म्हणाला, उद्या तिसरी आली तर?
आली तर बसेल.

कोअर म्हणजे वाळू.
रेझिन लावलेली, तापल्या पेटीत भाजलेली.
साच्यात ती ठेवतात, भोवतीनं रस ओततात,
लोखंड गार झालं की ठोकून ठोकून पाडून टाकतात.
ती होती तिथं भोक राहतं.
पंपात पाणी जातं ते त्या भोकातनं.
सतरा वर्षं मी पाण्याची जागा धरून ठेवली,
पंपावर नाव दुसऱ्याचं.

कलम पाच, भांडवल : तिचे कानातले, माझी भिशी.
कलम आठ, नफातोटा निम्मानिम्मा.
तोटा त्यानं न विचारता घातला.
कलम चौदा :
एखादा भागीदार मयत झाल्यास.

रेहाना म्हणाली, अजून पाटी लागली नाही
आणि मेलोपण व्हय?
वहिनी, हे सगळ्यांच्यात असतंय.
तिच्या जागी तिची मुलगी, तबस्सुम.
माझ्या जागी?
मागनं कुणीतरी झेरॉक्सची सुटी मोजत होतं.
तो बघत राहिला. मी छत्रीच्या काड्या बघितल्या.
रेहाना म्हणाली, तिच्या जागी पण तबस्सुमच घाला.
एकच नाव, टायपिंग वाचेल.

मला वाटलं आपण रडणार.
पण रस ओतायच्या आधी पोकळी बसवावी लागते,
हे आम्हाला कुणी वकिलानं का शिकवायचं?
मोडायचं कसं ते आधी लिहिलं,
मग पाचशेच्या स्टँपवर सह्या केल्या.
साक्षीदार एक चहावाला, एक त्याचाच गिऱ्हाईक.

पुढचं पळापळीत गेलं.
फर्मचं पॅन. गुमास्ता. फर्म नोंदणीचा अर्ज पुण्याला.
उद्यमच्या नोंदणीला एकानं पंधराशे घेतले,
ती फुकट असते हे तबस्सुमनं मोबाइलवर दाखवलं.
त्या रात्री आम्ही त्याला ज्या शिव्या दिल्या
त्यांचीपण नोंदणी व्हायला पाहिजे होती.
जीएसटीला पाटीसकट शेडचा फोटो लागतो,
पाटी ओली होती, रेहानाच्या कोपराला
अजून निळा रंग आहे.

चालू खात्याला शिक्का मागितला.
लक्ष्मीपुरीत करून घेतला, ऐंशी रुपये.
रबरावर अक्षरं उलटी. दोघींनी बरोबर वाचली.
आतनं उलटं वाचायची सवयच आहे,
पेटी अशीच असते.

मग सोमवारी फोन आला, कुठल्या तरी ऑफिसातनं.
पत्ता तपासायचा होता.
बाई, जरा मालकांना द्या.
रेहानानं बर्नर बारीक केला, माझ्याकडं बघितलं.

बोलतोय, मी म्हटलं.