डाव्या पंखाची

पहिल्यांदा मी हळद वापरली.
घरातलीच, डब्यातली, दोन चमचे,
आणि इनास शिरसाटांनी घोरपडीहून
ब्रेडच्या पिशवीत भरून दिलेली
टर्कीची पांढरी पिसं.
नाताळ होऊन गेला होता, पक्षीही.
पिशवीला पावाचा वास होता.

छान पिवळी झाली. बाण देखणे दिसले.
आणि फुरसुंगीच्या माळावर
वाळलेल्या कुसळी गवतात
बारापैकी पाच परत मिळाले.
निजामभाई म्हणाले, वहिनी,
गवताला गवताचाच रंग देता
आणि वर शोधत बसता?

म्हणून लाल.
बोहरी आळीतून आणला, लोकरीचा.
दुकानदाराने विचारलं, किती स्वेटर?
म्हटलं, चोवीस पिसं.
त्याने पुडी बांधली,
पुढे काही विचारलं नाही.

आधी धुवायची, शांपूने, कोमट पाण्यात,
अंगचं तेल जाईपर्यंत.
पक्ष्याने ते चोचीने लावलेलं असतं
रोज, एकेका पिसाला,
पाणी आत शिरू नये म्हणून.
मी ते घालवते, पाणी आत शिरावं म्हणून.
यात थोडा अन्याय आहे.
तोही भिजत घालते, अर्धा तास.

मग जुनं पातेलं, मंद आच, अर्धी वाटी व्हिनेगर.
वाफ दिसली पाहिजे,
बुडबुडा दिसता कामा नये.
उकळलं की पिसाचा कणा मुरडतो
आणि मुरडलेला कणा सरळ होत नाही.
जयंतने एकदा त्याच पातेल्यात
दूध तापवायला घेतलं.
मी ओरडले ते खाली सोहोनींना ऐकू गेलं.
आता पातेल्यावर ऑइलपेंटने 'बाण' लिहिलंय.
पाहुण्यांना ते आमच्यातल्या कुणाचं तरी
माहेरचं आडनाव वाटतं.

बाहेर काढली की ओळखू येत नाहीत,
चिकटून बारीक, ओल्या उंदरांच्या शेपट्या.
वाटतं, गेली फुकट सगळी.
कालच्या पेपरवर मांडायची,
थोडी सुकली की किटलीच्या वाफेवर
धरायचं एकेक,
आणि ते फुलतं.
तंतू शेजारच्या तंतूला धरतो,
तो त्याच्या शेजारच्याला.
मी सेहेचाळीस वर्षांची, पतसंस्थेत कॅशियर,
याच्यासाठी श्वास रोखून धरते. दर वेळी.

बोटं आठवडाभर लाल.
नोटा मोजताना हगवणेबाई काचेतून बघतात,
रंगपंचमीला अजून अवकाश आहे ना हो?
आहे, म्हणते, आणि शंभराची
एक नोट दोनदा मोजते.

खरं काम पुढेच, निवडायचं.
डाव्या पंखाची एका ताटात,
उजव्याची दुसऱ्या.
बोटाने चाचपलं की वळण कळतं.
एका बाणाला तीन, तिन्ही एकाच बाजूची.
मिसळली की बाणाचं चित्त ठिकाणावर राहत नाही,
शेपूट झाडत जातो आणि आडवा पडतो.
पक्ष्याला उडायला दोन्ही बाजू लागल्या असत्या.
तसा तो फारसा उडाला नव्हता.
इनासकाका सांगतात, एकदाच,
कुंपणावरून गॅरेजच्या पत्र्यावर.
काठीने उतरवावा लागला.

दोन लाल. तिसरं तसंच ठेवते, पांढरं,
दोरीपासून दूर राहणारं,
खाच न बघता लावायची तर तेवढी खूण हवी.

काल होळीच्या आधीचा रविवार.
माझा तिसरा बाण पेंढ्याच्या बऱ्याच वरून गेला.
निजामभाई काही बोलले नाहीत,
ते चहा ओतत होते.
लाल लांबूनच दिसला, सरळ उभा.
वाकले, तर त्याच्यापासून वीतभर अंतरावर
जानेवारीतला एक.
काडीला वाळवी लागलेली,
हळद उन्हाने कधीच पिऊन टाकलेली.
पीस मात्र शाबूत, पुन्हा पांढरं,
इनासकाकांच्या पिशवीतून आत्ता काढल्यासारखं.

चाचपून पाहिलं.
डाव्या पंखाचं.