सेकंड माल

सुनेने तिकीट काढलं, सोलापूर दर्शन, सकाळी आठची बस.
म्हणाली, एकसष्ट वर्षं इथं राहिलात, बघितलंत काय?
खरंच की.
किल्ला बाहेरून, तळं पायऱ्यांवरून,
बाकीचं गाव कापसाच्या धुळीतून.

बसमध्ये उदगीरचं एक जोडपं,
शाळेतल्या चार बाई,
आणि माईक धरलेला संगमेश.
"उजवीकडे गिरणीची चिमणी," तो म्हणाला.
त्या चिमणीखाली सात ते तीन माझा बाप असायचा,
हे त्याच्या पाठांतरात नव्हतं.

तिसरा थांबा, जुनी मशीद. पंधरा मिनिटं.
अकरालाच फरशी तव्यासारखी.
टाचा उचलत हौदाच्या सावलीपर्यंत गेले.
आत पुरुषांनी जायचं, आम्ही पायरीपर्यंत.
संगमेश सांगत होता कमानीचं, चुन्याचं,
मग म्हणाला, "ही जाळी बघा,
एका दगडात कोरलेली,
एक रेघ इकडची तिकडे नाही."
बाईंनी फोटो काढले.

मी तेहतीस वर्षं टॉवेल तपासले.
ट्यूबखाली लांब टेबल,
उजवीकडे फर्स्ट, डावीकडे सेकंड.
सुटलेला लूप, तुटलेला धागा, किनारीत चुकलेली फुली.
काम सुटलं, डोळे सुटले नाहीत.
अजून कुणाच्या लग्नात गेले
की नवरीचं तोंड बघायच्या आधी
तिच्या शालूचा काठ उलटते.

जाळीत आठ पाकळ्यांची फुलं,
ओळीखाली ओळ.
चौथी ओळ, खालून दुसरं फूल.
सात.
पदराने डोळे पुसून पुन्हा मोजलं.
सातच.

संगमेशला सांगितलं नाही.
पोरगं चांगलं बोलत होतं.

हौदाशेजारी तारेवर टॉवेल वाळत होते,
एकाची किनार अर्ध्यातच संपलेली.
आमचेच. किलोवर जाणारे.
बघून उगाच लाज वाटली,
पाहुण्यांसमोर घरचं फाटकं दिसावं तशी.

खराटा भिंतीला टेकवून
तिथले इनायतभाई बागवान जवळ आले.
माझं बोट अजून हवेत, खालून दुसऱ्यावर.
"तुमकू दिखा क्या, अम्मा?
मेरेकू बारा साल लगे."
मग जाळीकडे बघत,
शेजारच्या कारागिराची बाजू घ्यावी तसं म्हणाले,
"धूप भोत होंगी उस दिन."

हसलो दोघं.
आत जाळीचं ऊन फरशीवर पडलेलं,
त्यात ते सात पाकळ्यांचंही,
आणि त्यावर मांडी घालून
एक म्हातारा डुलक्या काढत होता.

माझा हात सवयीने डावीकडे हलला,
तसाच थांबला.
एवढा दगड डावीकडे टाकायला
कुणाचं टेबल पुरलं असतं?

हॉर्न वाजला.
एक चप्पल सापडली, दुसरी उदगीरच्या बाईंच्या पायात.
अदलाबदल झाली, माफी झाली, बस हलली.

संध्याकाळी सून विचारेल, काय काय बघितलंत.
शेंगाचटणीची पुडी तिच्या हातात देईन,
म्हणेन,
ऊन फार होतं गं.