पोर्ट तीन, वजनकाटा

मूलच्या पुढं सोळा किलोमीटर, राइस मिलच्या मागची खोली.
आधी इथं बारदाना ठेवायचे.
आता तीन सर्व्हर, एक रॅक, एक एसी
आणि सगळ्यांवर कोंड्याचा पिवळा थर.
मी तोंडाला रुमाल बांधला, पेचकस दातांत धरला.
चौकीदार सोमाजी नैताम बॅटरी घेऊन उभे.
भर दुपारी बॅटरी,
कारण रॅकच्या पाठीमागं कायम रात्र असते.

चार वर्षं हेच माझे डोळे होते.
वजनकाट्याचं मशीन पहाटे अडलं
की मी नागपुरातून, रजईतूनच फोन लावायची:
काका, काय लिहून आलं?
त्यांना इंग्रजी येत नव्हतं. आकार यायचे.
"पयले दातारं. तीन दाताचं.
मंग एक पाय पुढं टाकून उभा मानूस.
मंग तोच मानूस.
मंग धाव, बंडीच्या चाकाची.
मंग पुन्हा मानूस. थकेल दिसते बिचारा."
कळलं, मी म्हणायची. वरच्या रांगेतलं दुसरं बटण दाबा.
"दाबलं," आणि मग सवयीनं, सत्तर कोसांवरून,
"च्या मांडू का, म्याडम?"

आता हे आठ पोर्टांचं, पाटीएवढं खोकं.
चौकोनी भोकांत नट बसवताना नख उलटलं.
प्रत्येक सर्व्हरच्या पाठीला एक शेपूट लावलं,
त्याचं एक टोक पडद्याच्या खाचेत, एक कीबोर्डच्या.
केबल सोलली:
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा…
"हे तं बांगडीवालीचं दुकान," काका म्हणाले.
टेस्टरचे दिवे ओळीनं लागत गेले,
सातवा लागलाच नाही.
पुन्हा कापली. पुन्हा सोलली.

अर्थिंगच्या खड्ड्यात त्यांनी मीठ-कोळसा टाकला,
वरून बादलीभर पाणी, रोपाला घालावं तसं.
केबलच्या भोकात चिंध्यांचा बोळा कोंबला.
मागच्या साली इथूनच डोम्या निघाला होता.

मग पत्ता दिला, पोर्टांना नावं दिली.
एक हिशोब, दोन कॅमेरे, तीन वजनकाटा.
"म्हन्जे आता तुमाले तिथूनच दिसन?"
दिसेल.
"दाबताबी येईन?"
येईल.
काकांनी बॅटरी बंद केली.

जुना मॉनिटर मी तसाच जोडून ठेवला, कीबोर्डही,
ज्याच्या वरच्या रांगेतलं दुसरं बटण
घासून पांढरं पडलं होतं.
राहू द्या, म्हणाले, लाइन गेली तर लागेल.
खोटं नव्हतं ते.
पूर्ण खरंही नव्हतं.

दोन महिने फोन नाही.
मशीन दोनदा अडलं, मी इथूनच सोडवलं,
खोलीत काय वाजलं, कशाचा वास आला,
मला कळलं नाही, कुणाला विचारलंही नाही.

पौषात एकदा, रात्री अडीच.
पोर्ट तीन उघडलं, उगाच.
नाव विचारणारी रिकामी चौकट. बिघाड काहीच नव्हता.
आणि माझा हात कपावर असताना
चौकटीत एक दाताळं उमटलं.
मोठ्या अक्षरात. कॅप्सचा दिवा तिथं कायम लागलेलाच.
मग बराच वेळ काही नाही.
मग माणूस.
माणूस.
धाव.
शेवटच्या माणसाला यायला
एक मिनिटभर लागलं असेल.
एंटर कुणी दाबलं नाही. रेघ लुकलुकत राहिली.
मला दिसत नव्हती कानटोपी, घोंगडं,
अक्षर शोधत फिरणारं एक बोट.

माझं नाव लिहिलं असतं,
त्यांना ते वाचता आलं नसतं.
मी विचार करून
एकच अक्षर दाबलं, वेटोळ्याचं.

फोन वाजला.
"म्याडम," आवाज अगदी दबका,
"खोलीत मी एकटाच हाव,
अन् मानसाच्या मांगून साप निघाला."

किती मोठा? मी विचारलं.