पाच नंबरचा टॉवेल

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, मार्चातल्या एका दुपारी
ऑर्डर आली : चारशे टॉवेल, पांढरा तळ, निळे काठ,
मधोमध पाचाचा आकडा
आणि खाली चार ओळी सर्बियाच्या लिपीत.
दलाल म्हणाला, तिकडचा कुणी फुटबॉलवाला रिटायर होतोय,
शेवटच्या मॅचला लोकांना वाटायचेत.
मास्तर, अक्षरं तेवढी चुकवू नका.

मी मल्लेशम बोद्दूल, डिझाइन खातं.
विणायला वाचता यावं लागत नाही,
चौकोन मोजावे लागतात.
नावाचं पहिलंच अक्षर असं,
की फ्री किकच्या भिंतीत दोघं
खांद्याला खांदा चिकटवून उभे.
ते जमायला मला अख्खी दुपार लागली.

मग दलालाच्या फोनमधून अर्थ कळला.
ल्युबोमिर ग्रुइच. बचावपटू.
सतरा हंगाम, एकच क्लब, चारशे बारा सामने.
गोल तीन.

फोल्डिंगमधली पोरं खिदळली :
सतरा वर्षांत तीन? पगार घेत होता का नुसता?
शिलाईवरच्या गज्जमबाई सुईवरची नजर न काढता म्हणाल्या,
अन् अडवले किती, ते कुठं लिवलंय?

ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मीपण स्टॉपर होतो, मिलच्या टीमचा.
पार्क मैदान, एप्रिल, जमीन तव्यासारखी,
बूट अकरांत मिळून सात जोड.
चार वर्षं पुढच्या पोरांच्या पिंढऱ्या वाचत उभा राहिलो,
चेंडू कुठं जाणार ते चेंडूच्या आधी कळायचं मला.
कुणी बघितलं नाही. बघण्यासारखं काही घडतच नव्हतं,
मी घडू देत नव्हतो.
शिल्डच्या फायनलला शेवटच्या मिनिटाला
एक साधा, लंगडा चेंडू
माझ्या दोन पायांच्या मधून गेला.

त्याला आता तीस वर्षं झाली.
मिल गेली, चिमणी गेली, शिल्डसुद्धा कुणाच्या माळ्यावर गेलं असेल,
साखर पेठेत चहाला थांबलो की अजून हाक येते :
काय गेट, उघडं का बंद?

कापडाचं वेगळं नाही.
हजारो धागे सरळ गेले तर बोट कोण फिरवतं?
एक सुटला की चेकर खडूनं गोल करतो,
माल सेकंडमध्ये.

चौथी ओळ राहिली होती.
दलालानं दोनदा वाचली, पुन्हा विचारून घेतलं,
क्लबवाले म्हणाले बरोबर आहे,
त्यानं स्वतःच घालायला सांगितली :
आणि एक, आपल्याच जाळीत.

मी काही बोललो नाही.
त्या रात्री लूमपाशी मीच थांबलो.
चारशे वेळा ती ओळ खालून वर उगवताना बघितली,
दोन वेळा लाइट गेली,
दोन्ही वेळा अंधारात हात कापडावर ठेवून उभा होतो.
एकही टॉवेल सेकंड निघाला नाही.

मे महिन्यात दलालानं एक फोटो दाखवला.
सामना संपायच्या आधीच त्याला बाहेर बोलावलंय,
पांढऱ्या रेघेवर एक पाय आत, एक बाहेर.
टक्कल पडलेला, नाक कधीतरी मोडलेलं,
माझ्याच चुलतभावासारखा थकलेला माणूस,
खांद्यावर आमचा टॉवेल.
उलटा घेतलेला.

दलाल चुकचुकला, डिझाइन दिसतच नाही म्हणाला.
मला दिसत होतं.
उलट्या बाजूला निळ्यावर पांढरं उमटतं,
अक्षरं आरशातल्यासारखी,
आणि सुलटी बाजू घामाला लागून.
ती चौथी ओळ बरोबर मानेखाली येते,
मी मापं घेतली होती.

फोटो मोठा करून मागितला नाही.
संध्याकाळी पेठेत गेलो.
हाक आलीच.
बंद, म्हटलं. तीस वर्षांत एकदा उघडं होतं.
अन् चहात साखर जास्त पडलीय बे, बघ.