फुटका लोटा

एसी बंद करा, मी म्हणालो. घरघर माइकात येते.
जुलै, मनामा, कोल्ड स्टोअरच्या वरचा मजला,
भिंतींवर अंड्यांचे ट्रे
आणि कुणाच्यातरी व्हिलातून टाकून दिलेला गालिचा.
शनिवार. हॉटेलच्या बँडची सुट्टी.
आठवडाभर हे चौघे लॉबीत परक्यांचे वाढदिवस वाजवतात.

ड्रम्सवर इनास तुस्कानो, वसईचा,
साठी उलटलेली, अंगात बनियन,
गळ्यातला क्रूस पाठीवर सरकवलेला.
कुठल्या स्केलमध्ये? शाजननं बेसची खुंटी पिळत विचारलं.
बघू, इनास म्हणाला.
मोजायचं कसं? मुतासिमनं विचारलं.
नका मोजू.

पहिला टेक:
लिफ्टच्या दारात आधी तुम्ही, आधी तुम्ही करत
चौघेही बाहेरच राहिले.
दुसरा:
पगाराच्या दिवशी एक्स्चेंजची रांग.
डॉमेंग पियानोवर नुसता कोपरं मारत होता.

मग इनास काठ्या मांडीवर ठेवून
माझ्याशी मराठीत बोलू लागला, जणू खोलीत आम्ही दोघेच.
आमच्या केळीच्या वाडीत रहाट होता.
एक लोटा फुटका. वर यायचा तो रिकामाच.
बा दरसाल म्हणायचा, बदलतो.
पण तो लोटा आला की बैलाच्या मानेवरचं ओझं
इतकुसं कमी व्हायचं,
अन् बैलाला ते ठाऊक होतं.
झोपेतसुद्धा मला ती जागा ऐकू यायची.
सांग यांना.

मी सांगितलं. माझ्या इंग्रजीत
रहाटाचं मशीन झालं, लोट्याची बादली,
बैल तर वाटेतच कुठेतरी सुटला.
मुतासिम मात्र हसला.
नाईलकाठी त्याच्या आजोळी असलंच काही फिरत असे.
सॅक्सोफोनमधली थुंकी झटकून तो उभा राहिला.

तिसरा टेक.
कुणीच कुणाला वाट दिली नाही, कुणी अडवलीही नाही.
फिरत फिरत दर वेळी एकेकजण रिकामा वर यायचा:
शाजनचा हात तारेवर, पण तार गप्प.
डॉमेंगचं बोट पट्टीच्या एक केसभर वर.
आणि त्या रिकाम्या जागेत, सतराव्या मिनिटाला,
खालच्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर सुरू झाला.

मी हात वर केला. थांबा.
इनासनं डोळे न उघडता मान हलवली,
काठ्या ठेवल्या, ब्रश घेतले
आणि त्या घरघरीला सोबत केली,
नव्यानं कामाला जुंपलेल्या जनावराला करावी तशी.

आता कंपनी म्हणते, तेवढा आवाज काढून टाका.
काढता येतो. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे, दोन मिनिटांचं काम.
रोज रात्री फाइल उघडतो, त्या जागी जातो,
ऐकतो, बंद करतो.
दरसाल म्हणावं तसं म्हणतो, काढतो.

टेकच्या अगदी शेवटी, झांज विझताना,
खाली कुणीतरी मल्याळममध्ये दूध मागतं.
अर्धा लिटर.
तेही ठेवलंय.