बारा जुलैचं पान

केंजळ्यांच्या भाड्याच्या वहीत
बारा जुलै एकसष्टच्या पानावर तीनच नावं आहेत.
घाणेकर, अर्धा तास, मागचा ब्रेक सैल.
पोस्टातला तांबोळी, दिवसभर.
आणि एक मुलगा, नाव नाही, पुढे फक्त
'ओळख: चुलते'.
त्याखाली एक रेघ ओढलेली, अर्धीच.
त्याखालचं पान चहाच्या रंगाचं.

मी अकरा वर्षांचा. हवा भरणं माझं काम,
आणि परातीतल्या पाण्यात ट्यूब बुडवून
बुडबुडा कुठून येतो ते बघणं.

नदीकडून एक जण ओरडत आला, धरण फुटलं.
कुणी हललं नाही.
आमच्या पेठेत अफवेकडेही आधी पुरावा मागतात.
मग कोपऱ्यावरच्या गटाराच्या जाळीतून
पाणी उलटं वर यायला लागलं,
सावकाश, दूध उतू जाताना येतं तसं,
आणि केंजळे पेन कानावर ठेवून उठले.

हा माणूस सख्ख्या मेव्हण्याकडून अनामत घेणारा.
त्याने कुलूप काढलं,
छत्तीस चाकांतून ओवलेली साखळी
एका हाताने ओढत गेला,
खडखडखडखड,
तो आवाज मला पाण्याच्या आवाजाच्या आधी आठवतो.

"बसायचं नाही, ढकलायचं!" ते ओरडत होते.
"म्हातारं कॅरिअरवर, पोरं नळीवर,
बोचकं हॅण्डलला. मंडईच्या अंगाने वर जा.
मोठ्या रस्त्याने नको, बोळातून जा!"
मोठ्या रस्त्यावर एक फियाट आडवी झाली होती
आणि तिच्यामागे सगळं जग हॉर्न वाजवत होतं.

कंपाउंडर घोरपड्याने बायकोला बसवलं, नववा महिना.
मुमताजबींनी शिलाई मशीनचं मुंडकं ठेवलं,
मग उतरवलं, रस्त्यात तसंच सोडलं,
शेजारच्या लुळ्या पोराला तिथे बसवलं
आणि मशीनकडे वळून पाहिलं. एकदाच.

कुणाचं नाव विचारलं नाही. वाडा नाही. चुलते नाहीत.

जे बसून राहू शकत नव्हते त्यांना बांधायचं होतं.
मी जुन्या ट्यूबा कापल्या, पट्टे केले.
सतरा नंबरवर एक आजी होती,
हातात पितळी डबी,
"अरे हळू, रे" म्हणाली.
तिला घेऊन जाणारा कोण होता कोण जाणे,
मुलगा होता की वाटेत भेटलेला.
मी तिच्या कमरेभोवती दोन वेढे दिले
आणि गाठ मारली, पंक्चरवाल्याची गाठ,
ओढाल तेवढी आवळत जाणारी.

महिनाभर सायकली येत राहिल्या.
चिखलाने भरलेल्या, बेलमध्येसुद्धा चिखल.
एक हडपसरहून आली. आणणारा म्हणाला,
मी नेली नव्हती, मला ज्याने दिली त्याला कुणी दिली
ते माहीत नाही, पण मडगार्डवर तुमचं नाव आहे.
एकीच्या हॅण्डलला पिशवीत अर्धा शेर साखर.
घोरपडे पेढे घेऊन आला. मुलगी.

गेल्या छत्तीस. आल्या सदतीस.
दोन आमच्या नव्हत्याच.
केंजळ्यांनी त्या भिंतीला टांगल्या,
कधी भाड्याने दिल्या नाहीत,
दर दसऱ्याला मात्र तेल दिलं.

सतरा नंबर आली नाही.

दुकान गेलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
वही सूनबाईंनी मला दिली, रद्दीत जाणार होती.
अर्ध्या रेघेखाली
मी बऱ्याचदा पेन टेकवतो.
सतरा नंबर, वेळ साधारण... आणि थांबतो.

वर पोचली असेल, तर कुणीतरी
पर्वतीच्या पायथ्याशी कातरी शोधत फिरलं असेल,
मला शिव्या घालत.
त्या शिव्या ऐकाव्यात असं
आज बासष्ट-त्रेसष्ट वर्षं वाटतंय.
कारण ती गाठ हाताने सुटत नाही.
मला माहीत आहे. मीच मारली होती.