अठरा पॉइंट चार

आनंदवाडीच्या बर्फ कारखान्यात
सोळा वर्षं हिशेब लिहितेय.
लाद्या मोजताना थंडी कधी वाजली नाही.
या वैशाखात मात्र
घामेजलेल्या हमालांमध्ये
मी एकटी स्वेटर घालून.

आवाज घोगरा. भुवयांची टोकं विरळ.
बेरजेत हातचा विसरायला लागले,
आणि जेवण अर्धं करूनही
साडीला एक निरी कमी पडायला लागली.

रिपोर्टात टीएसएच अठरा पॉइंट चार.
"समुद्राकाठी राहून आयोडीन कमी?"
"मिठाचा दोष नाही," डॉक्टर गवाणकर म्हणाले,
"घरचेच राखणदार
घशातल्या ग्रंथीला चोर समजतायत."

चिठ्ठीमागे त्यांनी एक पेशी काढली.
मला ती होडीच दिसली.
प्रत्येक होडी थोडी गळते.
सोडियम आत झिरपतं,
पंप ते उपसून बाहेर टाकतो,
आपण झोपलो तरी,
आणि खाल्लेल्या भातातला बराच वाटा
या उपसण्यातच जातो.

हार्मोन येतं चार आयोडीन घेऊन.
पेशीत शिरलं की एक उतरवून ठेवतं,
उरलेले तीन घेऊन केंद्रकात जातं.
तिथे आरडाओरडा नाही.
चोपडीतली मिटलेली पानं तेवढी उघडतं:
अजून पंप बांधा,
अजून भट्ट्या पेटवा,
थोडी धग वाया गेली तरी चालेल.
(त्या वाया गेलेल्या धगीलाच
आपण अंगातली ऊब म्हणतो.
इतके दिवस माझी वाया जात नव्हती.)

बाबलभावजी ट्रॉलरची इंजिनं खोलतात.
काळे हात पुसत त्यांनी सगळं ऐकलं.
"म्हणजे इंजिनाक काय झाला नाय, वयनी.
गव्हर्नर ढिलो पडलोहा."

तेव्हापासून पहाटे साडेपाचला, उपाशीपोटी,
तिळाहून जराशी मोठी गोळी.
चहा अर्ध्या तासाने.
तो अर्धा तास फार लांब असतो.
खाडीच्या तोंडाशी एखादी होडी
संथ टकटकत असते,
आणि मी पायमोजे घालून पायरीवर.
पहिला आठवडा काही नाही. दुसराही नाही.
पंप काय एका रात्रीत बांधून होतात?

काल पावती फाडताना
डावा हात लादीवर टेकला होता.
उचलला, तर बर्फात
पाच बोटांचा खोलगट ठसा,
त्यात पाणी.
"अक्का, हात काढ," हमाल ओरडला,
"लादी इरघळता!"